पंडुमाआधीची कैरी

कोरियाची मुलं आमच्या घरी जेवायला आली त्या पहिल्याच दिवशी माझं डोकं फिरलं. ताटं वाढलेली, वरण निवत चाललेलं आणि एकही पोरगं घासाला हात लावेना. मला वाटलं तिखटाला घाबरले. मी इंग्रजीत सांगितलं, अरे बाबांनो, तुमच्यासाठी फोडणीत मिरचीसुद्धा घातली नाही, खा आता. तरी सगळे हात मांडीवर ठेवून आईकडे बघत बसलेले. शेवटी त्यांच्यातली एक चष्मेवाली मुलगी लाजत म्हणाली, "आजीनं पहिला घास घेतल्याशिवाय आम्ही कसं खाणार?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणारी बाई. मी तिला अर्थ सांगितला तशी ती तोंडाला पदर लावून हसत सुटली. "अवो माय! मी खाल्ल्याबिगर हे उपाशी राह्यतीन का? मंग तं मले रोजच लवकर जेवा लागन." आणि खरंच रोज तिला आधी बसवावं लागलं. दोन दिवसांत तिला ते आवडायलाही लागलं, हे मी बघत होते.

ही मुलं बायबल कॉलेजातली. एक सत्र सुट्टी घेऊन सेवेसाठी बाहेर पडलेली. आमच्याकडे पंधरवडा, मग पुढे नेपाळ. आमची ऊर्जानगरची मंडळी, म्हणजे चर्च, लहानशी, तिच्यात बरं इंग्रजी येणारी मी, म्हणून पास्टरांनी दुभाष्याचं काम माझ्या गळ्यात मारलं. मी वीज केंद्रात नोकरीला. रजा टाकली. खरं सांगायचं तर मला दुसऱ्याचं बोलणं पोचवत बसायचा भारी कंटाळा. माझ्या पायाला भिंगरी आहे आणि जीभ त्याहून वेगात धावते. समोरचा वाक्य पूर्ण करेपर्यंत माझा जीव वर-खाली होतो.

पास्टरांनी ठरवलं की मुलांना एक दिवस एटापल्लीच्या पलीकडच्या एका माडिया गावात न्यायचं. पोलिसांना कळवून ठेवलेलं. प्रचार नाही, नुसती गाणी, खेळ, लहान मुलांना फुगे. आणि दिवस मावळायच्या आत परत. गावाचं नाव ऐकलं आणि आईनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. ते तिचं माहेर.

इथं थोडं सांगायला हवं. माझा बाप ख्रिस्ती. विजेची लाईन टाकायच्या कामावर तो त्या गावात गेला आणि आईला लग्न करून घेऊन आला. तेवढं कदाचित गावानं पोटात घातलं असतं. पण लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेला तो उन्हाळ्यात, आणि झाडाखालची कैरी उचलून त्यानं सगळ्यांसमोर कचाकचा खाल्ली. माडिया लोकांत नवं फळ पंडुमाशिवाय तोंडाला लावत नाहीत. पंडुम म्हणजे सण. गावचा पुजारी, त्याला पेरमा म्हणतात, तो आधी देवाला आणि वाडवडलांना आंबा देणार, मग गाव खाणार. बापाला हे ठाऊक होतं. "मी असलं मानत नाही," हे दाखवायलाच त्यानं ती खाल्ली. त्या वर्षी मोहाची फुलं गळलीच नाहीत, गावाचे हाल झाले आणि त्याचा ठपका आईच्या घरावर आला. आईची थोरली बहीण, माझी मावशी, तेव्हापासून तिच्याशी बोलली नाही. एटापल्लीच्या बाजारात समोरासमोर आल्या तरी मावशी मान फिरवायची, आणि आई तिथंच टोमॅटो निवडत असल्यासारखं करत रडायची. बाप गेल्यावर आईला एकच ध्यास लागला. थोरलीच्या हातचं एकदा जेवायचं. बस्स.

"जीप जाऊनच राह्यली आहे तं मी बी येतो," ती म्हणाली. नाही कसं म्हणणार?

आल्लापल्लीच्या पुढे जंगल लागल्यावर आई बोलायची बंद झाली. मी मात्र बडबडत होते. मावशीनं तोंड फिरवलं तर काय, हाकललं तर काय, तुझं बीपी वाढलं तर तिथं कोण आहे. आई म्हणाली, "तू थोडी चूप बसतं का वं?"

गावात आश्रमशाळेच्या मैदानाकडेला मोठा आंबा. आदल्या दिवशी वादळ झालेलं, खाली कैऱ्यांचा सडा पडलेला. कोरियन मुलांनी गाणी म्हटली, पांढरे हातमोजे घालून हातांचा नाच केला. गावची पोरं खिदळत होती. मावशीचं घर मैदानाला लागूनच. ती कुडाच्या कुंपणाआत पडवीत बसून सगळं बघत होती. आई आंब्याच्या बुंध्याशी टेकून बसलेली. दोघींच्या मध्ये जेमतेम अंगणाएवढी जागा. मी दहादा इकडून तिकडे फेऱ्या मारल्या. "जा ना माय, हाक तरी मार," मी म्हटलं. "तिनं बोलवा लागते," आई म्हणाली.

आणि तेवढ्यात त्या मुलांनी घोळ घातला. त्यांना वाटलं, एवढी फळं वाया चाललीत. त्यांनी टोपीत कैऱ्या गोळा केल्या, एकानं खिशातल्या चाकूनं फोडी केल्या, दुसऱ्यानं आमच्या डब्यातलं तिखट-मीठ आणलं. गावची पोरं एकदम गप्प झाली आणि मागे सरकली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतका वेळ ती खेळताना कैऱ्यांवर पाय न देता उड्या मारत होती. मी ओरडणार तेवढ्यात बघते तर काय, प्रत्येकाच्या हातात फोड आहे, पण खाल्ली कुणीच नाही. सगळे थांबलेले. चष्मेवाली मुलगी पहिली फोड दोन्ही हातांत धरून, कमरेत वाकून, आईसमोर उभी.

त्यांच्या रीतीप्रमाणे आई सगळ्यांत वडीलधारी. तिनं खाल्लं की सगळे खाणार.

बाया पाण्याचे गुंड खाली ठेवून बघत होत्या. पेरमा, एक वाळका म्हातारा, बाजेवरून उठून उभा राहिला. मावशी कुडापाशी आली. हिच्या नवऱ्यानं जे केलं तेच आता ही करणार, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. आणि पास्टर माझ्या बाजूला. त्यांनाही सगळं कळत होतं. "घ्या बाई," ते हळूच म्हणाले, "देवानं दिलेलं फळ. आपल्याला कसला विटाळ? नाही म्हणाल तर ही मुलं काय समजतील?"

खाल्ली तर बहीण जन्माची गेली. नाही खाल्ली तर मंडळीत तोंड दाखवायची चोरी, आणि दोन्ही हातांनी दिलेलं त्या पोरीचं मन मोडायचं. मी म्हटलं, "माय, थांब, मी सांगतो यायले." आईनं हात वर केला. "तू गप राह्य."

तिनं फोड दोन्ही हातांनी घेतली. त्या मुलीसारखीच वाकली. मग मला म्हणाली, "तिले सांग, माह्यापेक्षा थोरली हाय इथी. माह्यी बहीण. थोरलीनं खाल्ल्याबिगर मी कशी खाऊ?"

मी इंग्रजीत सांगितलं. त्या मुलीनं कपाळावर हात मारून घेतला, आमच्याकडे मारतात तसाच, आणि दहादा माफी मागितली. मग ती सगळी मुलं एकामागे एक मावशीच्या कुडापाशी गेली. प्रत्येकानं कमरेत वाकून दोन्ही हातांनी फोड पुढे केली. मावशीला काय करावं समजेना. इतक्या पोरांनी एकदम वाकायला ती काय देवी होती? ती आत गेली, सूप घेऊन आली. सगळ्यांनी फोडी सुपात ठेवल्या. शेवटची आईनं ठेवली. मावशी तिच्याकडे न बघता माडियात मोठ्यानं काहीतरी म्हणाली. मला अर्धंच कळलं, उरलेलं शाळेच्या शिपाईभाऊंनी सांगितलं. पंडुम झाल्यावर खाईन. तोवर कोणी खायचं नाही.

मुलांनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या. पेरमा खो-खो हसला आणि गाव सैल झालं. पण मावशी सूप घेऊन आत गेली ती गेलीच. बहिणीला तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही. मला इतकी चीड आली म्हणून सांगू! एवढं केलं आईनं, आणि ही बाई घोटभर पाणी देईना?

निघायची वेळ झाली. मुलं जीपमध्ये बसली. आई मावशीच्या कुडाबाहेर फतकल मारून बसली ती उठेना.

"मी नाई येत."

"काय?"

"तिनं खाल्ल्यावर मी खाईन असं चारचौघात बोलली ना मी? मंग थांबा लागन."

"अवो, पंडुम कधी आहे ते गावालेही माहीत नाई! गोळ्या किती आणल्या? झोपशीन कुठी?"

"तुले काऊन इतकी घाई असते वं सगळ्याची?" ती शांतपणे म्हणाली. शिपाईभाऊंच्या बायकोनं शाळेच्या व्हरांड्यात जागा देते म्हटलं. मी पर्समधल्या होत्या नव्हत्या त्या गोळ्या तिच्या हातात कोंबल्या आणि रागारागात जीपमध्ये जाऊन बसले. पास्टर पूर्ण रस्ताभर फुगलेले. आष्टीजवळ एकदाचे बोलले, "तुमच्या आईनं देवापेक्षा रीत मोठी केली." मी म्हटलं, "पास्टर, तिनं बहीण मोठी केली. ती आहेच मोठी." रविवारी त्यांनी आईसाठी प्रार्थना केली. कसली, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पुढचे दिवस मी घरात पिंजऱ्यातल्या वाघासारख्या येरझाऱ्या घातल्या. कामावर लक्ष नाही. वाळत घातलेल्या कपड्यांवर वीज केंद्राची राख बसली तर कपड्यांनाच शिव्या. शिपाईभाऊंचा फोन लागायचा नाही, लागला तर "हाव, हायत, बऱ्या हायत" एवढं बोलून तुटायचा. मुलं नेपाळला गेली. चष्मेवालीचा रोज मेसेज यायचा, आजीनं खाल्लं का? मी रोज लिहायचे, अजून नाही. एक दिवस तिनं कळवलं की नेपाळात आंबा दिला होता, त्यांच्यातल्या कुणीच खाल्ला नाही. मला रडू फुटलं. हे परके कुठले कोण, आणि सख्खी बहीण अशी!

मग मला राहवेना. पुन्हा रजा टाकली, लालपरीनं आल्लापल्ली, तिथून एटापल्ली, पुढे शिपाईभाऊंच्या मोटरसायकलवर. गाडीवर त्यांनी सांगितलं, पंडुम काल झाला. मी ओरडलेच, "आणि?" वाऱ्यात त्यांना ऐकू आलं नाही.

आई शाळेच्या व्हरांड्यात नव्हती. मावशीच्या पडवीत भिंतीला टेकून बसलेली होती. मावशी टोपली विणत होती. मावशीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, तांब्या पुढे सरकवला आणि माडियात काहीतरी म्हणाली. आई हसली. "म्हणते, पोरगी बापावर गेली. जागेवर बसत नाई."

बसनं परतताना मी तिला सोडलं नाही. गोळ्या घेतल्या का? घेतल्या. पूजेला बसलीस का? "दूर बसली. माह्यी प्रार्थना मी केली. पास्टरले सांगशीन." आणि इतके दिवस खात काय होतीस?

"रोज सकाळी थोरली कुडावर तांदूळ ठेवायची. डाळ ठेवायची, लाकडं ठेवायची. शिजवलेलं नाई. मी व्हरांड्यात रांधून खाल्लं."

"म्हणजे तुला घरात घेतलंच नाही तिनं?" माझा आवाज इतका चढला की पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली.

"काल घेतलं."

"मग? वाढलं का?"

आई खिडकीबाहेर बघत होती. बाहेर सागाची पानगळ झालेली, सगळं उघडंबोडकं. मी, मीसुद्धा, तिला घाई केली नाही.

"भात वाढला. कैरीचं सार वाढलं. मी म्हटलं पुरे, तं अजून वाढलं. मी पुन्हा म्हटलं बाई, पुरे, पोटात जागा नाई. तं कावली माह्यावर."

"काय म्हणाली?"

"म्हणे, इतक्या वर्षाची उपाशी हायस. गप खाय."