बंद पंख्याखालचं स्वयंपाकघर

आमच्या घरात वीज वाचवायची मोहीम सुरू झाली, तेव्हा सगळ्यात आधी स्वयंपाकघरातला पंखा बंद झाला. मार्च संपत आला होता. सिल्वासात त्या दिवसांत उकाडा असा असतो की हवा अंगाला चिकटते. आमचं स्वयंपाकघर पश्चिमेला. दुपारनंतर ओट्याच्या फरशीलासुद्धा हात लावला तर कोमट लागते. अशा खोलीत मी पोळ्या लाटत होते आणि माझ्या डोक्यावरचा पंखा फिरायचा थांबला. वळून बघितलं तर नवरा बटणापाशी उभा होता.

"पंख्याने गॅसची ज्योत हलते," तो म्हणाला. "म्हणजे गॅस जास्त जळतो, वर पंख्याची वीज. दुप्पट नुकसान."

माझा नवरा राखोलीच्या एका धाग्याच्या कंपनीत मेंटेनन्स सुपरवायझर आहे. मूळचा धुळे जिल्ह्यातला. माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणीही तसं म्हणेल. त्या आठवड्यात त्यांच्या कंपनीत ऊर्जा बचतीचं ट्रेनिंग झालं होतं. त्यातच आमचं नेहमीपेक्षा मोठं बिल आलं. तो ते बिल हातात घेऊन घरभर फिरला, प्रत्येक खोलीत उभा राहून वर-खाली बघत, जणू कुठेतरी चोर लपलाय. चोर त्याला सापडला तो स्वयंपाकघरात.

पंख्यानंतर मिक्सर गेला. खानवेलच्या बाजारातून त्याने दगडी खलबत्ता आणला आणि ओट्यावर ठेवत म्हणाला, "यातल्या चटणीची चव बघ." चव मी जाणते. माझं माहेर रत्नागिरीकडचं, आमच्याकडेही पाटा होता आणि त्यावर कोण वाटायचं तेही मला आठवतं. मग वॉशिंग मशीन बंद झालं. "दोन माणसांचे कपडे ते किती? हाताने स्वच्छ निघतात." त्या कपड्यांत त्याचे कंपनीचे युनिफॉर्म होते. धाग्याला लावतात त्या तेलाचे डाग त्यावर असतात, ते ब्रशने घासताना मनगट भरून येतं. शेवटी इस्त्री. "तू सिंथेटिक साड्या नेसत जा ना, इस्त्री लागतच नाही." त्याच्या शर्टांना मात्र लागायची, कंपनीत साहेब लोक येतात. ती इस्त्री मी करायची.

बटणांवर त्याने कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. लाल पेनाने लिहिलं होतं, 'खरंच गरज आहे का?' स्वयंपाकघरात पट्टी, बाथरूमच्या गिझरवर पट्टी, मशीनच्या प्लगवर पट्टी. बेडरूममध्ये एसीच्या बटणावर पट्टी नव्हती. हॉलमधल्या टीव्हीवर नव्हती. मी विचारलं तेव्हा तो अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाला, "अगं, दिवसभर कंपनीत गरमीत उभा असतो मी. झोप तर नीट हवी ना?"

मी इथल्या मराठी शाळेत शिकवते. सकाळी अंधारात उठून डबे करून जाते, दुपारी येऊन कपडे धुते, संध्याकाळी वह्या तपासते. माझ्या शाळेत एसी नाही. वर्गात एक पंखा आहे, तो फिरताना कुरकुरतो आणि मुलं त्याच्याखालची जागा धरायला धावतात. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. मी त्याला नीट बसवून सांगितलं होतं की मला हे झेपत नाही. एकदा नाही, बऱ्याचदा. प्रत्येक वेळी उत्तर एकच, "तुला बचतीचं महत्त्व कळत नाही." आणि मग सोफ्यावर पाय वर घेऊन, पंखा पूर्ण वेगात आणि टीव्ही चालू ठेवून, तो तिथूनच आवाज द्यायचा, "किचनचा लाईट राहिलाय का गं?"

लाईट राहिलेला नसायचा. मी तिथे असायचे.

मे महिन्यात सासूबाई धुळ्याहून राहायला आल्या. नवऱ्याने त्यांना मोठ्या कौतुकाने खलबत्ता दाखवला. "बघ आई, तुझे दिवस आठवले की नाही?"

सासूबाईंनी त्या दगडाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "माझे खांदे गेले रे त्याच्यात," त्या म्हणाल्या. "मिक्सर कुठं हाय?"

तो हसला. त्याला तो विनोद वाटला.

सोसायटीची मीटिंग त्याच महिन्यात झाली, रविवारी संध्याकाळी, खालच्या पार्किंगमध्ये. जिन्यातल्या लाईटचं आणि पाण्याच्या मोटारीचं बिल वाढलं होतं. आमचे चेअरमन गुजराती, बाकी लोक यूपी, बिहार, नाशिक, नंदुरबार, कुठून कुठून आलेले, म्हणून मीटिंग हिंदीत चालते. चेअरमननी माझ्या नवऱ्याला खास विनंती केली होती की तुम्ही कंपनीत ट्रेनिंग घेतलंय, सगळ्यांना दोन गोष्टी सांगा. चहा कुणी केला ते सांगायला नको. मी मोठं पातेलं घेऊन खाली उतरले आणि बायकांमध्ये मागे उभी राहिले.

तो बोलतो चांगलं. जिन्यात सेन्सरचे दिवे लावा, मोटार टाकी भरल्यावर आपोआप बंद व्हायला हवी, हे सगळं बरोबर होतं आणि मलाही ऐकताना पटत होतं. मग तो आमच्या घरावर आला.

"हमारे घर में मिक्सर बंद, वॉशिंग मशीन बंद, किचन का पंखा बंद," तो म्हणाला. "कुछ नहीं अटकता. बस, आदत बदलनी पड़ती है."

पुढच्या खुर्च्यांवरच्या पुरुषांनी माना हलवल्या. कुणीतरी टाळी वाजवली. माझ्या हातात चहाच्या कपांचा ट्रे होता.

"आदत किसकी बदली, ये भी बता दीजिए," मी म्हणाले.

माझा आवाज पार्किंगमध्ये जरा घुमला. सगळे मागे वळले. नवरा हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला, "मतलब?"

"मतलब कपड़े कौन धोता है? चटनी कौन कूटता है? बिना पंखे के रोटी कौन बनाता है? आपकी कौनसी चीज़ बंद हुई?"

चेअरमन उठले. "भाभीजी, ये तो घर की बात है. घर में..."

"घर की बात ये ही नीचे लेके आए हैं."

मग माझ्या बाजूला उभी असलेली दुसऱ्या मजल्यावरची बाई, नंदुरबारकडची, कधी कुणाशी चार शब्दांपलीकडे न बोलणारी, मला मराठीत म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "आमच्याकडे तर इस्त्री कपाटावर ठेवून दिलीय. माझा हातच पोचत नाही तिथे." तिचा नवरा पुढच्या रांगेत बसला होता. त्याने मान खाली घातली. दोन-चार बायका हसल्या, पण ते हसणं मजेचं नव्हतं.

मी ट्रे टेबलावर ठेवला आणि वर निघून आले. त्या दिवशी चहा कुणी वाटला, मला माहीत नाही.

तो वर आला तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता. सासूबाई हॉलमध्ये भाजी निवडत बसल्या होत्या.

"चार लोकांत माझी इज्जत काढलीस," तो म्हणाला.

"तुम्ही चार लोकांत माझे कष्ट तुमच्या नावावर सांगितलेत," मी म्हणाले. "ते चाललं?"

"म्हणजे बिल कमी करायचंच नाही का?"

"करायचं ना. एसीपासून सुरू करू. आणि त्या फ्रिजपासून. त्याच्या दाराचं रबर गेलंय, दाराभोवती पाणी सुटतं, तो कधी थांबतच नाही, सारखा घरघरतो. मी तुम्हाला दिवाळीपासून सांगतेय. तुम्ही काय म्हणालात? 'चालतोय ना.' कंपनीत एखादं मशीन असं घरघरलं असतं तर चालतंय म्हणून सोडलं असतंत?"

त्याने सासूबाईंकडे बघितलं. आई आपली बाजू घेईल, असं त्याला वाटलं असणार. सासूबाई मेथीची जुडी सोडवत म्हणाल्या, "तिले काय बोलतो? तू कधी चुलीपाशी बसला व्हता का?"

मग काही दिवस तो डबा न घेता कंपनीत जायचा. मी डबा केलाच नाही, त्यामुळे तो न्यायचा प्रश्नही नव्हता. मी मशीनच्या प्लगवरची पट्टी काढली आणि साठलेले सगळे कपडे एकदम धुतले. फ्रिजवाल्याला बोलावून रबर बदलून घेतलं. दाराच्या फटीत कागद धरला तर आता तो सुटत नव्हता आणि त्या रात्रीपासून फ्रिज मधूनमधून शांत व्हायला लागला. एसीची जाळी काढून धुतली. तिच्यातून निघालेला धुळीचा थर बघून मलाच कसंतरी झालं. मग एसी अठराऐवजी सव्वीसवर ठेवला आणि सोबत पंखा लावला. त्याने रिमोट उचलून आकडा बघितला आणि परत ठेवला. झोप मात्र त्याला नेहमीसारखीच लागली.

पण स्वयंपाकघरातल्या पंख्याचं राहिलंच होतं. छतावरच्या पंख्याने ज्योत हलते, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. उपाय साधा होता. बाजूच्या भिंतीवर, उभ्या माणसाच्या अंगावर वारा येईल असा छोटा पंखा लावायचा. तेही मी त्याला आधी सांगितलं होतं.

सासूबाई परत जायला निघाल्या त्याच्या आदल्या रविवारी त्यांना मसाला भाजून न्यायचा होता. मी पुढे झाले तर त्यांनी मला बाहेर बसवलं आणि मुलाला हाक मारली. "ये रे, खालीवर कर जरा. माझे खांदे दुखतात." तो गेला. भर दुपारची वेळ, पंखा बंद, मिरच्यांचा खकाणा. मी हॉलमध्ये बसून त्याचं खोकणं आणि शिंकणं ऐकत होते. मध्ये त्याचा हात बटणाकडे गेला असावा, कारण सासूबाईंचा आवाज आला, "हात काढ. ज्योत हालते."

तो बाहेर आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि डोळे लाल होते. त्याने तोंड धुतलं. संध्याकाळी बाजारात जाऊन भिंतीवरचा पंखा घेऊन आला, स्वतः ड्रिल लावलं आणि बसवला. पट्ट्याही त्यानेच सोलून काढल्या.

सासूबाईंना बरं वाटलं. मलाही वारा बरा वाटला, खोटं कशाला बोलू. पण राग गेला नाही, उलट अजून वाढला. मी दोन महिने त्याच्याशी बोलत होते, चांगल्या भाषेत, कारणं देऊन. ते सगळं त्याच्या कानावरून गेलं. आणि त्याच्या स्वतःच्या पाठीवरून घाम निथळला, तेव्हा एका दुपारीत त्याला कळलं. माझा घाम मोजण्यातच नव्हता. तो घरातला होता, फुकट होता, म्हणून बचतीत धरला गेला.

पुढचं बिल कमी आलं. चांगलंच कमी. मशीन चालू होतं, मिक्सर चालू होता, माझ्या साड्यांना इस्त्री होती, आणि तरी बिल कमी आलं. त्याने ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, "फ्रिजचंच होतं म्हणजे." एवढंच. मी मान हलवली. माफी मागायची पद्धत आमच्या घरात नाही.

आता त्याचे शर्ट तो स्वतः इस्त्री करतो, आणि कॉलर अजून नीट येत नाही म्हणून रोज कुरकुरतो. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईने एकदा जिन्यात थांबवून सांगितलं की तिची इस्त्री खाली आली.

पण शाळा सुरू झाल्यावर परवा स्टाफरूममध्ये एक सहकारी बाई मला म्हणाल्या, "तुमचे मिस्टर आमच्या ह्यांना भेटले होते. सांगत होते, बायकोला गरम होतं म्हणून मी किचनमध्ये खास पंखा लावून दिला. तुम्ही नशीबवान हो. आमचे हे तर किचनमध्ये पाऊल टाकत नाहीत."

मी हातातला खडू खाली ठेवला आणि त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. पंखा, खलबत्ता, पट्ट्या, मीटिंग, मसाला. तासाची घंटा झाली तरी सांगत राहिले, वऱ्हांड्यात त्यांच्या वर्गापर्यंत सोबत चालत सांगितलं. त्या मधूनमधून हसत होत्या. त्यांना वाटलं, मी गंमत सांगतेय.

"हसू नका," मी म्हणाले, "मी खरंच चिडलेय."

त्या हसायच्या थांबल्या. वर्गाच्या दारात उभ्या राहून त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि मग हळूच विचारलं, "ते भिंतीवरचे पंखे कुठे मिळतात?"