त्याने कधीच न खाल्लेला खर्रा

कुणी खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पुडी पुढे केली की तो दोन्ही हात जोडायचा. "आपल्याले नाही जमत गा."

तुम्ही नागपुरात बर्डीवर साड्या घेतल्या असतील, तर तो आठवेल. पदर स्वतःच्याच खांद्यावर टाकून मान वेळावणारा उंच सेल्समन. बायका हसायच्या आणि साडी घेऊन जायच्या. आम्ही एकाच दुकानात होतो, राहायलाही नंदनवन वस्तीत एकाच गल्लीत.

त्याच्या मानेला गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून त्याने लग्नसराई तशीच काढली. मग टॉन्सिलचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांसमोर तो, त्याची बायको म्हणजे आमच्या वहिनी, आणि मी.

"मी तर सुपारीसुद्धा खात नाही," तो म्हणाला.

डॉक्टरांनी सांगितलं, हा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे झाला. शरीरसंबंधातून येतो, बहुतेकांना कधी ना कधी होतो आणि आपोआप जातो. एखाद्याच्या अंगात मात्र वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. कुणाकडून आला, कधी आला, सांगता येत नाही.

परतताना आम्ही ऑटोत बसलो. तो वहिनींना म्हणाला, "विचारत काहून नाहीस वं?"

"काय विचारू? माझ्याकडूनही आला असन."

दुसऱ्या दिवशी दुकानात त्याने सगळ्यांना सांगितलं, लपूनछपून खर्रा खायचो. मी त्याला चहाच्या टपरीवर गाठलं. "काहून खोटं बोलून राहिला गा?"

"खर्रा म्हटलं की लोक गप बसतेत. खरं सांगितलं तर तुह्या वहिनीलेच विचारतीन, कोणाकडून आला."

लोक गप्प बसले. पण ते ऐकून त्याची नववीतली मुलगी बिथरली. आपल्या बाबांनी लपून खर्रा खाऊन आपल्याशीही खोटेपणा केला, असं तिला वाटलं. तिने त्याच्याजवळ बसणं सोडलं. शेवटी शेवटी त्याचा आवाज गेला, आणि घासही नळीतून जात होता. ती दाराशी उभी राहायची, आत यायची नाही. तो तिच्याकडे पाहत राहायचा.

तो गेल्यावर महिन्याभराने वहिनी मुलीला लस द्यायला निघाल्या. मी स्कूटर काढत होतो. शेजारच्या काकूंनी विचारलं, "कशाची सुई वं?"

"एचपीव्हीची. हिच्या बाबाले त्याच्यानंच कॅन्सर झाला. खर्रा त्यायनं कधीच खाल्ला नाही, काकू."

काकू आत गेल्या. मुलगी फाटकाशी थबकली.

"मले काहून नाही सांगितलं, आई?"

वहिनींनी तिचा हात धरला. मुलगी हात सोडवून मागे फिरली आणि दाराच्या पायरीवर जाऊन बसली.