बाबांनी अर्धा बंद ठेवलेला कॉक

आईचा उजवा खांदा आखडला आणि तिला तांब्या डोक्यापर्यंत नेता येईना. म्हणून बाबांनी सांगलीच्या घरी, वरच्या मजल्यावर, तिच्यासाठी शॉवर बसवला. टाकी लगेच डोक्यावर, गच्चीत, त्यामुळे पाणी नुसतं ठिबकायचं. मग टाकीजवळ प्रेशर पंप आला. पंप लहानच होता. खालच्या दोन बाथरूममध्ये कुणी शॉवर सोडला की पाणी तिकडे ओढलं जाई, वरची धार बारीक होई आणि बाल्कनीतला गॅसचा गिझर विझे. आईच्या अंगावर एकदम गार पाणी.

बाबांनी मागच्या अंगणातला, खालच्या लाइनचा कॉक अर्ध्याच्या आसपास बंद करून ठेवला. आणि शिस्त घातली, की खाली आंघोळीला जाणाऱ्याने आधी जिन्यातून विचारायचं, "वर कोण आहे का?" कुपवाडच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ते स्वतःच जिन्याशी खुर्ची टाकून पेपर वाचत बसत. मी साताऱ्याहून माहेरी गेले की पेपरातून मान वर न काढता मलाही अडवत. "थांब, तिचं होऊ दे."

बाबांच्या दहाव्याला सगळे घाटावरून परतले आणि आंघोळी सुरू झाल्या. आई वर गेली. खालच्या बाथरूममधून विट्याच्या मामांचा, म्हणजे आईच्या धाकट्या भावाचा, आवाज आला.

"पोरी, ह्यो शॉवर हाय का सलाईन लावलंय?"

मी काही बोलायच्या आत ते टॉवेल गुंडाळून मागच्या दाराने अंगणात गेले आणि कॉक पूर्ण फिरवून आले. "आता कसं! कुनी आवळून ठिवलता काय की." पुन्हा आत जाऊन त्यांनी कडी लावली.

मी आईची साडी घेऊन जिना चढत होते. वर पोचले तर गिझरचा आवाज थांबलेला.

"आई, गार येतंय ना?"

"असू दे," ती आतून म्हणाली. "पाहुण्यांची होऊ दे आंघोळ."

मी खाली धावले आणि मामांचं दार वाजवलं. "मामा, वर आईला गार पाणी येतंय!" पाणी बंद झालं. साबण लावलेल्या अवस्थेतच ते आतून वर आईला ओरडले, "आवं ताई, सांगायचं न्हाई व्हय!"

तेराव्यानंतर पाहुणे गेले. कॉक मात्र उघडाच राहिला होता, आणि बाबांचं 'अर्धं' नेमकं किती हे कुणालाच माहीत नव्हतं. आईच्या बाथरूमची खिडकी मागच्या अंगणावर उघडते. खालचे दोन्ही शॉवर चालू ठेवून मी कॉकपाशी बसले. आई वर पाण्याखाली हात धरून उभी राहिली.

"विझला," खिडकीतून आवाज आला. मी थोडा आवळला. "पेटला. नाही, परत विझला." आणखी थोडा. मी मान वर करून खिडकीकडे पाहिलं.

"आई?"

"बास. आता हात लावू नकोस."

कॉक जागचा हलू नये म्हणून मी त्याला तार गुंडाळली. हात चिखलाने भरले होते. खालचे दोन्ही शॉवर बंद केले, टॉवेल घेऊन आंघोळीला निघाले आणि जिन्याशी थांबले. खुर्ची अजून तिथेच होती.

"वर कोण आहे का?"

वर पाण्याचा आवाज चालू होता.

"मी आहे," आई म्हणाली. "थांब जरा, माझं होऊ दे."