तीन वितींचे ओंडके

भाऊ गेल्याचं मला शाळेत कळलं. तिसरीच्या वर्गाला शुद्धलेखन घालत होते. वटारचे एक ओळखीचे गृहस्थ केळी पोचवायला विरार स्टेशनवर आले होते, ते तसेच सायकल दामटत शाळेच्या दारापर्यंत आले आणि शिपायाकडून मला बाहेर बोलावून घेतलं. "भाऊ गेले सकाळी," एवढंच म्हणाले. भाऊ म्हणजे माझे सासरे. मी मान हलवली, वर्गात परत गेले आणि राहिलेली चार वाक्यं नेहमीसारखी, एकेक शब्द सुटा करून पुरी घातली. मग पिशवी उचलली. ती चार वाक्यं मी का घातली, हे मला अजून सांगता येत नाही. बहुतेक, बाहेर पडलं की ते खरं होणार होतं, म्हणून.

या गोष्टीला आता सात आठवडे होतील. भाऊंबद्दल लिहायचं तर त्यांचे गुण सांगावेत, अशी रीत आहे. गुण होतेच. पण मला लिहायचंय ते त्यांनी नातवंडांसाठी केलेल्या लाकडी ओंडक्यांबद्दल, आणि त्यात माझ्या वाट्याला जे काही येतं त्याबद्दल.

भाऊंची वाडी वटारला. केळी, पानवेल, विहिरीच्या कडेने मोगरा. माणूस अगदी मितभाषी. मी ठाण्याची, रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली, त्यात मास्तरीण. बोलल्याशिवाय मला घास गिळत नाही. लग्न होऊन आले तेव्हा पहिले सहा महिने मला वाटत होतं, मी यांना पसंत नाही. सासूबाईंनीच एकदा समजूत घातली, "अगं, ते माझ्याशी पन एवढंच बोलतात. केळींशी बोलून झालं की त्यांचं बोलनं संपतं." पुढे आमच्या दोघांच्या नोकऱ्यांच्या सोयीसाठी आम्ही विरारला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. विरारला तेव्हा इमारती मोजक्याच होत्या, आणि आपण इमारतीत राहतो याचा मला जरा जास्तच अभिमान होता. तो कसा ते पुढे येईलच.

आमची मेघा आठ वर्षांची आणि नितीन पाचचा असताना एका रविवारी आम्ही वाडीत गेलो होतो. केळीचं लोंगर जड झालं की झाड वाकतं, म्हणून त्याला सुरूच्या लाकडाचा टेकू लावतात. जुने झालेले टेकू गोठ्यामागे पडलेले असत. नितीन त्यांतले दोन-चार ओढून एकावर एक रचायला बघत होता आणि ते सारखे घरंगळत होते. भाऊ लांबून बघत उभे होते. जवळ आले नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांनी सारख्या जाडीचे टेकू वेगळे काढायला सुरुवात केली. हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. वर्षभर ते टेकू त्यांनी पडवीत वाळवले, साल तासली, सहा-सहा वितींचे साठ ओंडके कापले आणि प्रत्येकाच्या दोन्ही टोकांशी पटाशीने वर-खाली खाचा पाडल्या. खाचेत खाच बसवत गेलं की भिंती उभ्या राहायच्या, खिळा नको, दोरी नको. चार भिंतींचं घर, मुलांना आत बसता येईल एवढं. माझे यजमान हे ऐकून म्हणाले, "आम्हा भावंडांना त्यांनी कधी साधा भोवरा करून दिला नाही." तक्रार नव्हती ती. नवल होतं.

आणि मग एका सकाळी आमच्या इमारतीखाली बैलगाडी येऊन थांबली. गाडीत साठ ओंडके, पुढे भाऊ, धोतर आणि स्वच्छ सदरा घातलेले. गॅलऱ्यांतून माणसं वाकून बघायला लागली. पोरं गाडीभोवती नाचायला लागली, त्यांत माझी दोन सगळ्यांत पुढे. मी खाली उतरले. आमची बाहेरची खोली दहा बाय बारा. त्यात पलंग, टेबल, शिवणयंत्र. सुरूचं लाकूड म्हणजे लोखंडाचा भाऊ. एक ओंडका पायावर पडला तर बोट गेलंच, आणि खालच्या मजल्यावरची बाई नुसती खुर्ची सरकवली तरी वर यायची. हे सगळं खरं होतं. पण मी जे बोलले ते यासाठी बोलले नाही. बैलगाडी आमच्या दारात उभी आहे आणि सगळे बघताहेत, याची मला लाज वाटली होती.

"भाऊ, हे इथे कुठे ठेवायचं? एवढं कसं कळलं नाही तुम्हाला? परत न्या."

एवढ्या लोकांत, एवढ्या मोठ्याने. नितीन रडायला लागला. भाऊंनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, हिशेब चुकला की माणूस बघतो तसं. बैलांपुढे पेंढा टाकला आणि पाणी प्यायला वर आले. जमिनीवर बसले. पाणी प्यायल्यावर पलंगाखालची माझी ट्रंक हाताने बाजूला सारली, वाकून आत बघितलं आणि विती टाकून जागा मोजली. एक, दोन, तीन. ट्रंक पुन्हा होती तशी लावली, "येतो" म्हणाले आणि गाडी घेऊन गेले. मला वाटलं, सुटलो.

पंधरा-वीस दिवसांनी ते एसटीने आले, दोन गोणी घेऊन. मग तिसऱ्या खेपेला आणखी दोन. प्रत्येक ओंडका बरोबर तीन वितींचा. मधोमध कापून एका टोकाला जुनी खाच, दुसऱ्या टोकाला नवी. साठ ओंडक्यांना नव्याने खाचा पाडायच्या म्हणजे काय, हे मला तेव्हा समजलं नाही. मी फक्त बघितलं की ते पलंगाखाली नीट मावले आणि ट्रंकेलाही जागा उरली. खाली आवाज जाऊ नये म्हणून सोबत एक जाड गोणपाट आणलं होतं, अंथरायला. मी चहा केला. तो त्यांनी घेतला. माफी मागायची ती वेळ होती, पण मी साखर पुरेशी आहे का, ते विचारलं.

त्या ओंडक्यांनी माझी मुलं वाढवली, असं म्हटलं तर फार होणार नाही. घरं झाली, पूल झाले, अर्नाळ्याचा किल्ला झाला, गणपतीचं मखर झालं. शेजारची पोरंही यायची. खालच्या मजल्यावरची बाई वर आली ती स्वतःच्या पोराला शोधत.

पुढच्या वर्षी गणपतीला आम्ही वाडीत गेलो, तेव्हा स्वयंपाकघरातल्या माळ्यावर मला केळीच्या सोपाच्या दोरीने बांधलेल्या मोळ्या दिसल्या. सासूबाईंना विचारलं. उरलेले अर्धे तुकडे ते. त्यांनाही खाचा पाडून भाऊंनी इथे दुसरा संच करून ठेवला होता, मुलं राहायला येतील तेव्हासाठी. नितीनने लगेच खाली काढा म्हणून हट्ट धरला. आम्ही संध्याकाळच्या एसटीने परतणार होतो. भाऊ त्याला म्हणाले, "घर एका दिवसात व्हत नाय, बाळा. चार दिवस राहायला ये, मग काढू."

चार दिवस. वटार काही परदेशात नव्हतं. एसटीने तास-सव्वा तास. पण माझी कारणं कधी संपली नाहीत. उघडी विहीर. डास. मेघाची स्कॉलरशिप. नितीनला एका मे महिन्यात कावीळ झाली, ते तर खरंखुरं कारण, त्याचा मला आधारच वाटला. सकाळी जायचं, जेवायचं, चारच्या गाडीने परत. भाऊ कधी काही म्हणाले नाहीत. नाही, एकदा म्हणाले. मागच्या वर्षीच्या संक्रांतीला मी एसटीत चढत होते, तेव्हा केळीची फणी माझ्या हातात देत त्यांनी विचारलं, "या मे महिन्यात पाठवशील काय पोरांना?" मी म्हटलं, "बघू." सगळ्या आयुष्यात त्या माणसाने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. गाडी सुटली. मी काही बघितलं नाही.

या वर्षी त्यांना दम लागायला लागला आणि दिवाळीनंतर ते गेले.

नाताळच्या सुट्टीत मी मुलांना घेऊन वाडीत राहायला गेले. लग्नाला सतरा वर्षं झाली, सलग चार रात्री तिथे राहण्याची ही माझी पहिली वेळ. मेघा आता पंधराची आहे, नितीनला मिसरूड फुटायला आलंय. त्यांना काही सांगायची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी मिळून मोळ्या खाली उतरवल्या आणि अंगणात सोडल्या. ओंडके धुराने काळसर झाले होते. नितीनने दोन समोरासमोर ठेवले आणि तिसरा वर बसवायला गेला, तर तो बसेना. तळहाताने ठोकला, तरी नाही. आमच्या घरचे ओंडके खाचेत अलगद सरकतात. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, भाऊंचं माप चुकलं वाटतं."

सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "चुकलं नाय रे. मुद्दाम घट ठेवलंय. ते म्हनायचे, पोरांच्या हाताने व्हईल सैल."

नितीन खाली बसला आणि ओंडक्यावर गुडघा टेकून जोर लावला. मी आत गेले, माठातलं पाणी घेतलं आणि तिथेच उभी राहून रडले. सात आठवड्यांत पहिल्यांदा.

बाहेर आले तेव्हा सासूबाई एक ओंडका उलटासुलटा करून बघत होत्या. खाचेतून बारीक भुसा पडत होता. दर वैशाखात भाऊ सगळ्या मोळ्या उतरवायचे, एकेका ओंडक्याला करंजेल चोळायचे आणि पुन्हा बांधून वर ठेवायचे, हे मला तेव्हा कळलं. यंदा त्यांना शिडी चढवली नाही, म्हणून कीड धरायला लागली होती. "आता तिकडेच घेऊन जा गं," त्या म्हणाल्या, "इथे कोन चोळत बसनार?"

मी म्हटलं, इथेच राहू देत. तेल कुठे आहे?

त्यांनी बाटली आणि फडकं आणून दिलं. मुलांनी अजून न घेतलेल्या ओंडक्यांचा ढीग पुढ्यात ओढून मी अंगणात बसले. जमतं, असं वाटायला लागलं तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या हातातून फडकं काढून घेतलं. खाचेत फडकं पोचत नाही, तिथे तेल बोटाने लावावं लागतं. मी बोट घातलं. आतली कड अजून पटाशीने नुकती तासल्यासारखी होती, बोटाला लागत होती. संध्याकाळपर्यंत माझे एकवीस ओंडके झाले. तोवर समोर मुलांच्या भिंतीचा तिसरा थर बसला होता.