विहानच्या वाढदिवसाचं अस्वल

काल पहाटे माझे मामा गेले. आणि आज मला कळलं, की मे महिन्यात भरल्या हॉलमध्ये मी ज्याच्यावर खेकसले, ते मामाच होते.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. इथेच बडोद्यात, रावपुऱ्यात राहायचे. रेल्वेतून रिटायर.
गणपतीतलं नाटक असो नाहीतर कुणाचं बारसं, माइक दिसला की मामांचा हात पुढे आलाच.

माझ्या मुलाचा, विहानचा, पाचवा वाढदिवस होता. थीम: जंगल.
हौस म्हणाल तर मला जास्त, त्याला कमी. केकवर सिंह, फुग्यांचा जिराफ, पाहुण्यांना 'अ‍ॅनिमल प्रिंट घालून या' असा मेसेज. शेवउसळीच्या टेबलावर 'टायगर उसळ' अशी पाटीसुद्धा लावली होती मी. हसू नका.

मुखवटे घ्यायला मामा माझ्याबरोबर लहरीपुऱ्याच्या बाजारात आले. दुकानात वाघाचा मुखवटा चढवला आणि गल्ल्यावरच्या काकांवर गुरगुरले. काका पोट धरून हसले.
मी मात्र बघत होते, ओळखीचं कुणी आसपास नाही ना.

"मनू, अस्वल मी होतो ना! नाचणारं अस्वल!"
"मामा, प्लीज. प्रोफेशनल माणूस बुक केलाय."
"बरं बाई. प्रोफेशनल तर प्रोफेशनल."

निजामपुऱ्यातल्या हॉलवर अस्वल आलं तेच उशिरा. माझं डोकं आधीच फिरलेलं.
बडोद्याचा मे महिना, हॉलचा एसी नावापुरता, आणि तो जाडजूड केसाळ सूट. पोरांनी त्याला घेरलं. कुणी पाठीवर चढलं, कुणी पोटात गुद्दे मारले. ते आपलं नाचत होतं. विहानला तर उचलून सगळ्या हॉलभर फिरवलं त्यानं.

मग दमून ते पाहुण्यांच्या एका खुर्चीत बसलं.
"ए भाई, अहीं नहीं बेसवानुं! ऊभो था!"
ही मी.

उठलं बिचारं. हातानं पाण्याची खूण केली.
"पछी, पछी! पहेलां फोटा."
पाणी नंतर, आधी फोटो. हीसुद्धा मीच.

आम्हा बडोद्याच्या मराठी लोकांची ही जुनी सवय. घरात मराठी, कामाच्या माणसाशी गुजराती. मराठीत मी सगळ्यांना अहो-जाहो करते, मोठ्यांच्या पाया पडते. गुजराती सुरू झालं की माझी मॅडम होते. त्या दिवशी मराठी तोंडात आली असती, तर निदान 'अहो, जरा थांबता का' एवढं तरी म्हटलं असतं.

मधेच मामींना विचारलं, "मामा कुठेत?"
"येतील गं. ऐनवेळी एक काम निघालं."
मी मैत्रिणीकडे वळून म्हणाले, "बरंच झालं. आले असते तर माइक सोडला नसता. चारचौघांत फार ऑकवर्ड होतं गं."
अस्वल माझ्या शेजारीच उभं होतं.

हे ऐकून ते थबकलं का, हे आज दिवसभर आठवून बघतेय. नाही आठवत. मी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं.

केक कापून झाल्यावर मामा आले. ओले केस, लालबुंद चेहरा.
"मामा, तुमचं हे नेहमीचंच हं!"
"चुकलो बाई. अस्वल कसं होतं तुझं?"
"ठीक. जरा आळशीच होतं. सारखं बसायला बघायचं."
मामा खो खो हसले, गटागटा पाणी प्यायले आणि उसळीवर तुटून पडले.

आज दुपारी मामींजवळ बसून रडताना मी म्हणाले, "विहानचा वाढदिवससुद्धा धड बघायला मिळाला नाही हो त्यांना."
निखिल, माझा नवरा, उठून गॅलरीत गेला. मी मागोमाग गेले, तेव्हा त्यानं सांगितलं.

बुक केलेला माणूस ऐनवेळी नाही म्हणाला. सूट हॉलवर येऊन पडला होता, घालायला कुणी नव्हतं. निखिलनं मामांना फोन केला. मामा रिक्षा करून धावत आले. "मनूला बोलू नका, टेन्शन घेईल ती."

"पण नंतर? नंतर तरी सांगायचं होतंस!"
"नंतर तर त्यांनी शपथच घातली. म्हणाले, आता कळलं तर पोर शरमेनं मरेल."

म्हणजे एकूण एक शब्द ऐकला होता त्यांनी.
आणि तरी दर रविवारी येत राहिले. विहानशी पत्ते खेळले, माझ्या हातचा चहा प्यायले. चेहऱ्यावर कधी काही नाही.

निखिल म्हणतो, तुला थोडंच माहीत होतं मामा आत आहेत.
खरंय. पण आत दुसरा कुणी असता तर त्याला तहान लागली नसती का?
मला फक्त मामांशी तशी वागले म्हणून लाज वाटत नाहीये. त्या न आलेल्या माणसाशीही तशीच वागले असते, म्हणूनही वाटतेय.

संध्याकाळी विहानला जवळ घेतलं. म्हटलं, याला तरी खरं सांगावं.
"विहू, तुझ्या बर्थडेचं अस्वल आठवतं? ते मामाआजोबा होते."
"माहितीये."
"तुला कसं रे?"
"उचललं ना मला, तेव्हा कानात सांगितलं. सीक्रेट."
"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू त्यांना ओरडत होतीस ना, आई. अजून ओरडली असतीस."

मामा, तुमच्या मनूचा वाकून नमस्कार. जमलं तर माफ करा.