आमच्या बंदुकीचा बिबट्या

आमच्या घरी ठासणीची एक बंदूक आहे आणि तिला इतिहास नाही, हे मला लग्नानंतर कळलं. मी साताऱ्याची. आमच्याकडं बोळालासुद्धा इतिहास असतो! इथं पलूसला सासरी मात्र खंडेनवमीला तिला हळदकुंकू लावायचं आणि गप्प बसायचं. ती मामंजींच्या आज्याची, एवढंच ठाऊक. आज्यानं त्या बंदुकीनं केलं काय, असं कुणी विचारलं की ऐंशी गाठलेल्या मामंजींचा चेहरा असा पडायचा, की मला बसवेना. (तसं मला कधीच बसवत नाही. नवरा म्हणतो, हिच्या पायाला भिंगरी आहे.) यंदाच्या खंडेनवमीला सगळ्यांसमोर आज्याचा पराक्रम वाचून दाखवते, असं मी बोलून बसले.

मग काय, भाकरी तव्यावर आणि मी एसटीत! बंदुकीच्या दस्त्यावर खोल भोकं होती. त्यांचा फोटो मोबाईलवर घेऊन मी तासगावच्या बेदाण्याच्या शेडपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत दिसेल त्या म्हाताऱ्यापुढं धरला. शेवटी जतला एक धनगरबाबा भेटले. त्यांच्या आज्याच्या काळी मेंढरांच्या वाडग्यात बिबट्या शिरला होता म्हणे, आणि पलूसच्या, आमच्याच आडनावाच्या माणसानं तो मारला. पहिला बार चुकला, परत दारू ठासायला वेळ नाही, म्हणून गड्यानं दस्ताच बिबट्याच्या जबड्यात कोंबला! ती भोकं म्हणजे बिबट्याचे दात. मी परतीच्या एसटीत उभ्यानं नाचायची तेवढी राहिले.

खंडेनवमीला अंगण भरलं. पलीकडच्या, आज्याच्या भावाच्या घरातल्या चुलत सासूबाईसुद्धा कुंपणाला टेकून ऐकत होत्या. बांधावरून भांडण झाल्यापासून दोन्ही घरांत अबोला, म्हणून आत येत नव्हत्या एवढंच. मी दातांपर्यंत आले, टाळ्या पडल्या, मामंजींनी फेटा सावरला.

तेवढ्यात कुंपणावरून आवाज आला, "सूनबाई, लय ग्वाड वाचलंस. पर ती बंदूक आमची हाय."

उलगडा त्यांनीच केला. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या. एकदा परत आणताना घाईत आमच्यांनी त्यांची उचलली, त्यांच्यांनी आमची. मी चिडून विचारलं, मग इतकी वर्षं बदलून का नाही घेतली?

"बोलणंच न्हाई, तर मागायची कशी?" त्या म्हणाल्या. यावर दोन्ही घरांनी माना डोलावल्या.

मी मामंजींकडं पाहिलं. ते हळूच म्हणाले, "आमचीचा दस्ता गुळगुळीत हुता. पर तू येवढी पळत हुतीस, म्हटलं, निघू दे काय निघतंय ते."

आणि आमच्या आज्याच्या बंदुकीनं काय मारलं? चुलत सासूबाईंनी जरा आठवून सांगितलं, "ती कवाच उडली न्हाई."

त्याच दिवशी बंदुकांची अदलाबदल झाली, चहा झाला, अबोला सुटला. भाऊकीत लोकांनी बांध घालवले, विहिरी घालवल्या. पण पदरमोड करून, एसटीत धक्के खाऊन, सासऱ्याचा अख्खा बिबट्या शेजारच्या घरी पोचवून आलेली सून पंचक्रोशीत मी एकटीच!