बहाव्याच्या जागी काशिद

आमच्याकडे झाड लावणं हा कार्यक्रम असतो आणि झाड ओळखणं हे कुणाचंच काम नसतं. अपवाद भिकुबाईचा. विसरवाडीजवळच्या रोपवाटिकेत ती बावीस वर्षं रोजंदारीवर पिशव्या भरते. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. दरवर्षी पोरांना घेऊन तिच्याकडे जातो, आणि पोरं माझ्यापेक्षा तिचं जास्त मन लावून ऐकतात, याचा मला रागही येतो.

पिवळ्या फुलांची झाडं तिच्याकडे तीन. रोप वीतभर झालं की ती नाव सांगून मोकळी. सोनमोहराचं पान पिसासारखं, देठाला देठ फुटलेले आणि त्यांवर बारीक बारीक पानं. काशिदाचा देठ एकच, त्यावर अंगठ्याएवढ्या पानांच्या आठ-दहा जोड्या, टोकाला टोचेल न टोचेल असं कुसळ. बहाव्याच्या जोड्या चार-पाचच, पण एकेक पान तळहाताएवढं. घरी ती मावची बोलते, आमच्याशी अहिराणी. "फूल ऱ्हाऊ द्या, पान देखा," ती पोरांना सांगायची. "फूल वरीसमा एकदाव येस. पान रोज शे." हे वाक्य मी वर्गात स्वतःचं म्हणून खपवलेलं आहे.

बहाव्याचं मात्र तिला वेगळंच होतं. महामार्गाच्या वळणावर एक जुना बहावा होता. भिकुबाईचं लहानपण गुजरातेत, ऊसतोडीवर गेलं. उन्हाळ्यात ट्रक परत यायचा तेव्हा पोरं बोचक्यांवर झोपलेली असायची. वळणावर हातभर लोंबणारे पिवळे घोस दिसले की आई तिला हलवायची, ऊठ, गाव आलं. पुढे तिनं आपल्या मुलाला, शिवाजीला, तिथंच उठवलं.

रस्ता रुंद व्हायचा ठरला आणि त्या झाडावर तोडणीचा लाल आकडा पडला. त्या वर्षी भिकुबाई शेंगांच्या मागे लागली. बहाव्याची शेंग म्हणजे दीड-दोन फुटांची काळी नळी. आत आडवे कप्पे, चिकट गर, आणि बी असं चिवट की उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. पण गर गोड असतो. पडलेल्या शेंगा कोल्हे फोडून खातात. ही बाई रोज सकाळी नाल्याकाठानं कोल्ह्याची विष्ठा वेचत हिंडली, टोपलीत धुतली आणि त्यातलं बी पेरलं. बाकीच्या बाया नाकाला पदर लावून हसल्या. "कोल्हाना पोटमा बी नरम पडस," ती म्हणाली. "त्याले मजुरी बी देनी पडत नही." बी उगवलं. तीनशे पिशव्या, सगळी एकाच झाडाची लेकरं. त्यातलं एक तरी वळणावर परत जावं, एवढंच तिला हवं होतं.

जे तोडलं तेच लावायचं, असा कागदही होता. कागदाला काय, कागद सगळंच म्हणतो.

जुलैत लागवडीचा दिवस ठरला. बहावा वर्षभरात गुडघ्याला लागत नाही, काशिद तेवढ्यात छातीला येतो. फोटोत रोप दिसायला हवं होतं, म्हणून रोपवाटिकेच्या साहेबांनी गाडीत काशिद भरायला लावला. भिकुबाई गाडीचा फाळका धरून उभी राहिली.

"साहेब, हाऊ बहावा नही शे. हाऊ काशिद शे."

"अहो बाई, फूल पिवळंच येतं ना?"

"येस. पन वर उभं येस, लोंबस नही. आनी हिवाळाना तोंडले येस. मन्हा लोके उन्हाळामा घर येतस."

साहेब वैतागले आणि माझ्याकडे वळले. मी चाळीस पोरं घेऊन शिबिराला आलो होतो, आणि पोरांच्या प्रमाणपत्रांवर त्यांची सही व्हायची होती. "सर, तुम्ही यातले. तुम्हीच सांगा."

मी म्हणालो, "दोन्ही एकाच कुळातली आहेत."

यात खोटं काही नाही. शेंगांच्या त्या कुळात तूरही येते, भुईमूगही येतो. भुईमूग लावला असता तरी माझं वाक्य खरंच ठरलं असतं. भिकुबाईनं माझ्याकडे पाहिलं. "सर सांगतस ते व्हई तसंच," ती म्हणाली आणि तिनं फाळका सोडला. मला स्वतःची इतकी चीड क्वचितच आली असेल, आणि त्या चिडीचा कुणाला काडीचा उपयोग झाला नाही.

तीनशे बहावे पिशव्यांतच राहिले. मुळं पिशवी फोडून जमिनीत गेली. पुढच्या वर्षी जागा हवी म्हणून ते उपटून खड्ड्यात टाकले. टाकायचं कामही भिकुबाईचंच होतं.

चार वर्षं मी त्या वळणावर गाडी थांबवली नाही. यंदा मे महिन्यात, उजाडता उजाडता, ती तिथं एकटी उभी दिसली, आणि थांबावंच लागलं. शिवाजी आणि नात रिना उसावरून परत येणार होती. डोक्यावर काशिद, दोन पुरुष उंच, हिरवागार, अंगावर पिवळा ठिपकासुद्धा नाही. बुंध्याशी पत्र्याची पाटी होती.

"सर, काय लिखेल शे व्हो? माले वाचता येत नही."

"बहावा," मी म्हणालो.

"आनी खाले?"

खाली माझं नाव होतं, ते मी पहिल्यांदाच पाहत होतो. वाचल्याशिवाय सुटका नव्हती. "झाडाची ओळख, प्राध्यापक ललित देवरे."

तिनं झाडाकडे पाहिलं, मग पाटीकडे. "मंग बहावाच व्हई," ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात ट्रक वळणावर आला. आत सगळी झोपलेली होती. भिकुबाई रस्त्यात उतरली आणि दोन्ही हात हलवत ट्रकमागे धावली.